मामाचं नाक

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, आधी भांडण. गेल्या चार महिन्यांत तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींत मिळून नऊ ओळी. त्यातल्या तीन गुडघ्यावर, दोन हवेवर. वाइनच्या चाखणीच्या नोंदी लिहायला बसलास की पानंच्या पानं भरायचास, आणि सख्ख्या भाचीला नऊ ओळी! निवृत्त माणसाला वेळ नाही असं सांगू नकोस, मी हसेन.

आता कामाचं. दादा वरचा उतार उपटायचा म्हणतोय. बाबांनी लावलेल्या शार्डोने द्राक्षांच्या बत्तीसच्या बत्तीस ओळी. बाग तो बघतो आणि तळघर मी, त्यामुळे वेलींच्या बाबतीत त्याचा शब्द वरचढ. आणि तो म्हणतो ते सगळंच खोटं आहे असंही नाही. वर वारा गार, ऊन उशिरा, घड पिकता पिकता पानं गळायला लागतात. वाइन होते ती इतकी आंबट की गिऱ्हाईक पहिल्या घोटाला डोळे मिटतं आणि उघडतं ते दुसऱ्याच दुकानात. खालच्या उताराची वाइन वर्षभरात घरोघरी पोचते. ही मात्र आधी पिंपात आणि मग बाटलीत, वर्षानुवर्षं जागा अडवून बसलेली. दादाने रोपवाटिकेत दुसऱ्या जातीची रोपं सांगूनही ठेवलीत. मार्चअखेर येतील.

बाबा म्हणायचे, ही माझी रडकी पोर आहे, लहानपणी कोणी कडेवर घेणार नाही, मोठी झाली की विचारत येतील. पण ती खरंच मोठी होते की नुसतीच म्हातारी होते, हे सांगायला बाबा नाहीत. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

तीन दिवस आम्ही बहीणभाऊ जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापुरतंच बोललो. शेवटी ठरलं की मामाचं नाक म्हणेल ते. दादा लगेच तयार झाला. तुझ्या धंद्यातले लोक तुला नावाने हाक न मारता 'नाक' म्हणायचे, याचा त्यालाही माझ्याइतकाच अभिमान आहे, फक्त तो दाखवत नाही.

सोबत तीन बाटल्या पाठवतेय, तिन्ही वरच्या उताराच्या. दोन वर्षांची, सहा वर्षांची आणि दहा वर्षांची. गळ्यात चिठ्ठ्या बांधल्यात. दादाचा सगळा भर दहाच्या बाटलीवर आहे, कारण धाकट्या दोघींचं पुढे काय होणार ते तीच सांगणार. फोनवर सांगू नकोस. चव तोंडी सांगितली की हवेत जाते आणि लिहून दिली की अंगावर राहते, हा तुझाच नियम. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू त्यांच्या बाटलीवर लिहून पाठवलेला कागद अजून तळघराच्या दारावर चिकटवलेला आहे. जाता-येता वाचते.

आई-बाबांच्या मागे आम्हाला मोठं माणूस म्हणजे तूच. तुझ्या शब्दावर बत्तीस ओळी उभ्या आहेत. घाबरवत नाहीये, नुसतं सांगतेय.

आता नमस्कार.

तुझी भिंगरी


१४ फेब्रुवारी

अगं भिंगरे,

ओळी मोजणारी भाची कोणाच्या वैऱ्यालाही मिळू नये. घे, या वेळी पोटभर लिहितो.

बाटल्या सुखरूप पोचल्या. दोन दिवस निवांत उभ्या ठेवल्या, मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पांढरं कापड अंथरून तिघींना ओळीने बसवलं. फार गार करून चाखू नये, गार वाइन तोंड उघडत नाही, हे तुला सांगायला नको.

दोन वर्षांची: रंग फिकट, कडेला हिरवट झाक. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, नदीतून नुकत्याच काढलेल्या गोट्याचा वास. दात आंबवते. पण हे आंबटपण कच्चं नव्हे, घट्ट आहे. थंड उतारावरची शार्डोने या वयात अशीच असली पाहिजे. जी दुसऱ्याच वर्षी गोड बोलते ती पाचव्या वर्षी गप्प होते.

सहा वर्षांची: मधली तीन-चार वर्षं ही वाइन रुसून बसते, वासच देत नाही, आणि घाबरट मालक नेमके तेव्हाच तिला काढून टाकतात. ही त्या रुसव्यातून बाहेर आली आहे. पिकलेली नाशपती, लोणी, भाजलेल्या पावाची कड.

दहा वर्षांची: काय सांगू तुला! रंग सोन्याचा. मध, भाजलेले बदाम, सुकं जर्दाळू, आणि सगळ्यांच्या मागे अळंबीचा जरासा मातकट वास. आंबटपणा अजून ताठ उभा आहे, फक्त त्याने आवाज खाली आणलाय. दाजी म्हणायचे ते खरं ठरलं. पोर मोठी झाली, आणि शहाणी झाली.

दादाला सांग, नाकाने कांदे सोलणं पुरे. वेली काढू नका. हे लिहून देतोय.

गुडघा ठीक. हवा बरी. (या दोन ओळी सवयीने.)

तुझा मामा, उर्फ नाक


२० फेब्रुवारी

मामा,

जिंकलो!

दादाने तुझं पत्र दोनदा वाचलं. जर्दाळूपाशी थांबला, मान हलवली आणि उठून रोपवाटिकेला फोन लावला, रोपं नकोत म्हणून. मी मागे उभी राहून ऐकलं. कालपासून तो वरच्या उतारावर छाटणी करतोय, आणि शीळ घालतोय.

पुढचं ऐक. दहा मार्चला आपल्याकडे चाखणी ठेवलीय. बारा जण येतील, काही दुकानवाले आणि काही खानावळवाले. ज्यांनी वरच्या उताराला आजवर नाक मुरडलं, नेमकी तीच माणसं बोलावलीत. दहा वर्षांच्या एक्केचाळीस बाटल्या उरल्यात, तीच मुख्य. तुझी नोंद जाड कागदावर छापून घेतली, प्रत्येकाच्या पेल्याशेजारी एक. खाली तुझं नाव मोठ्या अक्षरात. बाबा असते तर त्यांनी बोहल्यावर चढल्यासारखे नवे कपडे घातले असते.

आता एक वेगळंच. हे दादाला सांगितलेलं नाही, म्हणजे सांगितलं, पण पुरतं नाही. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी मोठ्या हौसेने दहाची एक बाटली उघडली. पेला नाकाशी नेला आणि मागे घेतला. ओला पुठ्ठा. बंद कपाटात विसरलेलं ओलं फडकं. बुचाने बिघडलेल्या बाटलीचा वास तूच मला शिकवला होतास, अगदी तोच. एखादी असते अशी, म्हणून दुसरी उघडली. तीही तशीच. तिसरी, तशीच. दादाला बोलावलं. त्याने तुझं पत्र हातात धरून वास घेतला आणि म्हणाला, "मध येतोय की! बदामसुद्धा."

मामा, उघडलेल्या तिन्ही बाटल्या एकाच खोक्यातल्या, तुला पाठवलेलीही. तुला मध आला, दादाला मध आला, मला पुठ्ठा. म्हणजे बिघाड कुठे आहे ते उघड आहे. जानेवारीत मला मोठी सर्दी झाली होती, तेव्हापासूनच असेल. माझं नाक गेलं का रे? परत येतं का? पिंपांतली नवी वाइन मी कशी पारखू? सध्या ते काम दादाकडे दिलंय. (दादाकडे! विचार कर.) तळघरात गेले की मेल्याहून मेल्यासारखं होतं. हे कोणाला सांगायचीही लाज वाटते, म्हणून तुलाच सांगतेय.

लवकर लिही.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. एका सर्दीने काही नाक जात नाही. वाफ घे, आठ दिवस तिखट खाऊ नकोस, तळघरात कमी बस. नाक थकतं, माणूस थकतो तसं.

शिवाय बाटली बाटलीत फरक असतो. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळे. तेव्हा तुला जे आलं ते तुझ्या बाटलीचं, मला आलं ते माझ्या.

एक सुचवतो. चाखणीत दहाची ठेवू नकोस, सहाची ठेव. दहाच्या थोड्याच उरल्यात, कशाला उधळायच्या? छापलेला कागदही नको, जुनाट वाटतं ते. कारणं विचारत बसू नकोस, मोठ्यांचं कधी कधी नुसतं ऐकावं.

मला यायला जमणार नाही. गुडघा.

मामा


१२ मार्च

मामा,

तुझी क्षमा कशी मागावी ते कळत नाही. तू नको म्हणालास तरी मी दहाचीच बाटली ठेवली. कागद छापून झाले होते, लोकांना सांगून झालं होतं. आणि मला वाटलं, माझ्या नाकाची लाज झाकावी म्हणून तू तसं लिहितोयस. बिघाड माझ्यात असताना तुझी नोंद का लपवायची, असं म्हणून मी हट्टाने कागद मांडले.

बाराही जण आले. वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत टेबलं जोडली होती. मी बाटल्या उघडल्या आणि दर वेळी तोच पुठ्ठा. दादा माझ्याकडे बघून हसत होता. मी ओतलं. लोकांनी आधी कागद वाचला, मग वास घेतला, मग पुन्हा कागद वाचला. दोघं-तिघं म्हणाले, "वा, मध." एक दुकानवाला म्हणाला, "अळंबी तर अगदी स्पष्ट."

शेवटच्या खुर्चीत नदीकाठच्या खानावळीच्या मालकीणबाई होत्या. आखूड पांढरे केस, मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. त्यांनी कागद उपडा ठेवला होता. एकदाच वास घेतला, पेला लांब सारला आणि म्हणाल्या, "पोरी, बुचाने बिघडवलीय ही. दुसरी उघड."

दुसरी उघडली. तिसरीही.

"सगळीच बुचं खराब आहेत," त्या म्हणाल्या. "तुला वास येत नाही?"

मामा, मला येत होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला मध येतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, आणि तेच वाईट. मग ज्यांनी वा वा केली होती त्यांनी एकेक करून पेले खाली ठेवले. बाईंनी तुझा कागद सुलटा केला, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "यांनी लिहिलंय हे? मग यांची बाटली तरी वेगळी असणार, नाहीतर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मीच घाईने बोलले. म्हटलं, त्यांची बाटली चांगली होती, मी आज चुकीचं खोकं काढलं, चूक माझी. तुझं नाव राखलं गेलं तेवढं एक बरं झालं. तुझ्या एका बाटलीचं बूच नशिबाने चांगलं निघालं असणार, आणि बाकी सगळी गेलेली. तू बाटलीचा फरक म्हणालास तो हाच. मीच समजून घेतलं नाही.

म्हणजे माझं नाक शाबूत आहे, मामा, लाज गेली. सहाची बाटली उघडायला कोणी थांबलंच नाही.

दादाने पेले गोळा केले. काल त्याने रोपवाटिकेला पुन्हा फोन केला. सोमवारी, अठरा तारखेला, सकाळी यंत्र येणार आहे, वेली मुळासकट काढायला. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवू? भर खोलीत खोटं बोललेल्या बाईने वाइनबद्दल बोलू नये.

तुझ्या नावाला माझ्यामुळे डाग लागला. जमलं तर माफ कर.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. आधी दादाला फोन केला. म्हटलं, सोमवारचं यंत्र थांबव. तो म्हणाला, का? मी म्हटलं, पत्रात लिहितो. तो म्हणाला, "मामा, तुमच्या पत्रावर आता काही करायचं नाही," आणि फोन ठेवला. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मग तुला लावला तर तळघरात तुझा फोन लागत नाही. खरं म्हणजे लागला नाही याचं मला बरं वाटलं. आता लिहितो, हे पत्र लगेच टपालात टाकायला जाणार आहे.

मला वास येत नाही. तीन वर्षं झाली.

एक ताप आला होता, दहा दिवसांचा. उठलो तेव्हा कॉफी नुसतं गरम पाणी लागली. वाटलं, येईल परत. महिन्याने खालच्या मजल्यावरची शिंपीण धावत वर आली आणि दार ठोठावून म्हणाली, "अहो, दूध करपून कोळसा झालं, वास येत नाही का?" मी चुलीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. हसून म्हटलं, वाचनात दंग होतो.

त्यानंतर दोन महिने मी कामावर गेलो. रंग बघायचो, जिभेला आंबट-कडू-तुरट किती ते बघायचो आणि दुसरे काय बोलतात ते ऐकून मान हलवायचो. कोणाला कळलं नाही. माझं नावच इतकं मोठं होतं की मी गप्प बसलो तरी लोकांना वाटायचं, नाक काहीतरी खोल विचार करतंय. मग निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात म्हणालो, "नाक शाबूत आहे तोवर थांबतो." टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती मूठ तीन वर्षं दाबून धरली.

दाजींची शेवटची बाटली आली तेव्हाही हेच. आजारी माणसाला काय लिहायचं ते मला ठाऊक होतं, बाटली न उघडताही लिहिता आलं असतं. तो कागद त्यांनी उशाशी ठेवला हे तू सांगितलंस आणि मी मूग गिळून बसलो.

तुझ्या बाटल्यांचं सांगतो. तिन्ही उघडल्या, घोट घेतले. दहाच्या बाटलीचा रंग सोन्याचा आणि आंबटपणा ताठ. एवढंच मला कळलं. उरलेलं तीस वर्षांच्या सवयीने जुळवलं. एवढं वय, एवढं आंबट, हा रंग, म्हणजे मध असणारच, बदाम असणारच. अळंबी तर शोभेसाठी घातली. असल्या वाइनचं काय होतं ते मी खरं लिहिलं होतं, फक्त त्या बाटलीचं लिहिलं नव्हतं. घोटभर पुठ्ठा प्यायलो आणि तुला मध लिहून दिला.

आणि हे सगळ्यांत वाईट. वीस तारखेचं तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला सगळं समजलं. तुझं नाक ठणठणीत आहे, त्या वर्षाच्या सगळ्या बाटल्यांची बुचं खराब निघाली आहेत आणि माझी नोंद खोटी आहे. तू घाबरून विचारत होतीस, नाक गेलं का, परत येतं का. या जगात त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? आणि मी तुला वाफ घ्यायला सांगितलं. सहाची बाटली ठेव म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवलं. एका सर्दीने नाक जात नाही असं लिहिताना माझा हात थांबलासुद्धा नाही.

तुझ्याकडे पुठ्ठा होता, तोच माझ्याकडे होता. माझं बूच चांगलं निघालं नव्हतं. चुकीचं खोकं तू काढलं नव्हतंस.

हे पत्र दादाला दाखव. सोमवारच्या आत पोचावं.

मामा


२२ मार्च

मामा,

तुझं पत्र सोमवारी अकराला आलं. यंत्र आठला आलं होतं.

उभ्याने वाचलं, मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं, मग वर पळाले. तोवर अकरा ओळी निघाल्या होत्या. मुळं आभाळाकडे करून एका रांगेत पडलेल्या. दादाने पत्र तिथेच वाचलं आणि यंत्रवाल्याला थांबायची खूण केली. पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "मलाही मध आला नव्हता. मला काहीच आलं नव्हतं. मामांचं पत्र हातात होतं म्हणून म्हणालो." तो रडला, मामा. बाबा गेले तेव्हा रडला नव्हता.

मी रागावले आहे. ते लपवणार नाही. नाक गेलं त्याचा राग नाही, ते कोणाचंही जाईल. बाबांना लिहिलंस त्याचाही नाही. त्यांना तो कागद हवा होता, त्यांना तो मिळाला. दारावरून मी तो काढून घडी करून ठेवलाय, फाडलेला नाही. पण मी तुला विचारलं होतं. कोणालाही सांगायची लाज वाटत होती ते तुला सांगितलं होतं. तळघरात पिंपाचं झाकण उघडायचं धाडस होत नव्हतं. तेवढे सगळे दिवस तुला खरं माहीत होतं. वाफ घेतली मी, मामा. दिवसातून तीनदा, चांगलं तोंड भाजेपर्यंत.

यंत्र थांबलं पण गेलं नव्हतं. यंत्रवाला विचारत होता, पुढे काय? दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली जाऊन सहाची बाटली आणली आणि वेलींशेजारच्या शेडमध्ये उघडली. तुझी नोंद बघितली नाही. जे आलं ते मोठ्याने सांगत गेले आणि दादा खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत गेला. नाशपती आहे. लोणी नाही, ते तू चुकीचं लिहिलं होतंस. पिंपाचा भाजका वास आहे, पण मुरलेला. मध अजून नाही, मेणाचा वास आहे. थोडा आल्याचा तिखटपणा. बूच चांगलं. आंबटपणा तू म्हणालास तसाच, ताठ. दहा वर्षांची झाल्यावर हिचं काय होईल, ते मला माहीत नाही. मी दादाला तसंच सांगितलं, माहीत नाही. तो म्हणाला, निदान हे खरं आहे. यंत्र परत पाठवलं.

एकवीस ओळी राहिल्यात. दादाने चार वर्षं दिलीत. अकरा ओळींच्या जागी तो त्याची रोपं लावेल आणि मी त्याला काही बोलणार नाही.

आता तुझ्याकडून एक हवंय. त्या खोलीत मी तुझ्यासाठी खोटं बोलले. मालकीणबाई आणि उरलेले अकरा जण अजून समजतात की मी चुकीचं खोकं काढणारी, नाक नसलेली बाई आहे. हे मी दुरुस्त करणार नाही. ते तू करायचंस. फोनवर नाही.

तू ते केल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

भिंगरी


२६ मार्च

नदीकाठच्या खानावळीच्या मालकीणबाई, यांना सादर नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. दहा मार्चच्या चाखणीत आपल्या पेल्याशेजारी एक छापील कागद होता. त्याखाली माझं नाव होतं. हेच पत्र मी त्या दिवशी हजर असलेल्या बाकीच्या अकरा जणांनाही वेगवेगळं, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आपलं पहिलं, कारण आपण कागद उपडा ठेवला होता असं मला कळलं.

त्या कागदावर मी मध, बदाम, जर्दाळू आणि अळंबी असं लिहिलं होतं. यातलं काहीही मला त्या बाटलीत आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका आजारानंतर मला कसलाच वास येत नाही. हे मी सगळ्यांपासून लपवलं. ज्यांच्यासाठी मी तीस वर्षं चाखलं त्यांच्यापासून, शेजाऱ्यांपासून, स्वतःच्या भाचरांपासून. मला पाठवलेली बाटलीही बुचाने बिघडलेलीच होती. आपण त्या दिवशी बोलता बोलता एक वाक्य अर्धं सोडलंत. ते मी पुरं करतो. नाहीतर त्यांनी वास न घेताच लिहिलं असणार.

चाखणीत चुकीचं खोकं काढलं गेलं, असं माझ्या भाचीने सांगितलं. ते खरं नाही. खोकं बरोबर होतं. ती माझं नाव वाचवायला तसं म्हणाली, आणि मध येतो असं ती म्हणाली तेही माझ्याच कागदामुळे. माझ्या शब्दावर विसंबून त्या घराने वेली ठेवायचं ठरवलं, त्याच शब्दाची फजिती झाली म्हणून त्या उपटायला काढल्या, आणि माझी खरी हकीकत वेळेत पोचली नाही म्हणून अकरा ओळी गेल्या. त्या माझ्या मेव्हण्याने हाताने लावलेल्या होत्या.

मी साठी ओलांडलेला माणूस आहे. असं पत्र लिहिताना हात जड होतो, हे खोटं कशाला सांगू? बारा वेळा लिहायचं आहे आणि हे पहिलंच आहे.

एक गोष्ट मात्र मला अभिमानाने सांगता येते. ती बाटली खराब आहे हे त्या खोलीत आपल्या आधी एका माणसाला कळलं होतं. तीन आठवडे आधी, एकटीला, तळघरात. तिने पेला नाकाशी नेला आणि लगेच ओळखलं. मग तिने माझ्या पत्रावर विश्वास ठेवला आणि स्वतःला खोटं ठरवलं.

त्या उताराच्या वाइनबद्दल आपल्याला काही विचारायचं असेल तर तिला विचारा.

तिचा मामा